लघुचित्रांच्या स्पर्धेला पहिल्यांदा उतरताय?

पहिल्यांदा स्पर्धेला चित्र पाठवणारे बहुतेकजण भलंमोठं काहीतरी अंगावर घेतात. दरबार भरलेला, मागे महाल, महालामागे डोंगर, डोंगरावर झाडी. मग तारीख तोंडावर आली की डोंगर कसाबसा उरकला जातो आणि परीक्षक भिंग घेऊन नेमके त्या डोंगरापाशी थांबतात. लघुचित्रात, म्हणजे मुघल-राजस्थानी धर्तीच्या छोट्या, बारीक कामाच्या चित्रात, तुमच्या सगळ्यात देखण्या चेहऱ्यावरून फारसं काही ठरत नाही, सगळ्यात कच्च्या कोपऱ्यावरून ठरतं. म्हणून पोस्टकार्डापेक्षा जरा मोठा कागद, एक किंवा दोन माणसं, एखादं झाड, मागे सपाट रंग. पहिल्या खेपेला एवढं पुष्कळ झालं.

अकबराच्या चित्रशाळेत एका पानावर आखणी एकाची, रंग दुसऱ्याचे आणि चेहरे तिसऱ्याचे अशी वाटणी चालायची. जहांगीरने तर आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की चेहरा एकाने केला आणि डोळे-भुवया दुसऱ्याने, तरी कोणाचा हात कुठे आहे ते मी ओळखतो. ही सगळी माणसं मिळून तुम्ही एकटे आहात, तेही नोकरी किंवा कॉलेज सांभाळून. तेव्हा आवाका आधी ठरवा, विषय नंतर.

नियमावली नीट वाचा, विशेषतः नकलेबद्दल काय म्हटलंय ते. शिकताना जुन्या चित्रांच्या नकला कराव्याच लागतात, त्याशिवाय हात बसत नाही. स्पर्धेत मात्र साधारणपणे स्वतःची रचना मागतात. परंपरेत राहून नवा विषय चालेल का, हे आयोजकांना फोन करून विचारा, लाजू नका. शैली मात्र एकच धरा. राजस्थानातल्या किशनगडचे कानाकडे ओढलेले डोळे, पहाडी मुलखातल्या बसोलीची तापलेली लाल-पिवळी पार्श्वभूमी आणि पहाडातल्याच गुलेरच्या नैनसुख या चित्रकाराची हलकी, मोकळी रेषा हे तिन्ही एका कागदावर आले की चित्र कुणाचंच राहत नाही.

माझा स्वतःचा कल दख्खनी चित्रांकडे आहे, आणि आपल्याकडच्या मुलांना राजस्थानपलीकडे काही दिसत नाही याची चिडही आहे. अहमदनगरच्या निजामशाहीतलं 'तारीफ-इ-हुसेनशाही' हे सचित्र हस्तलिखित पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. तालिकोटच्या १५६५ च्या लढाईनंतरच्या काळातलं. त्यात राजाशेजारी बसलेली राणी खुंजा हुमायूँ नंतर कुणीतरी बऱ्याच चित्रांतून रंग फासून पुसून टाकली. छापील प्रतिमा मिळतात, त्या बघा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लघुचित्रं प्रत्यक्ष बघता येतात. तिथे सगळं दालन पालथं घालू नका. एका चित्रापुढे उभे राहा आणि कानशिलावरचे केस बघा. रेषा कुठे जाड होते, कुठे हवेत विरते, ते वहीत पेन्सिलीने टिपा. मोबाइलमधला फोटो मोठा करून हे कळत नाही.

आता कागद. वसली म्हणजे हातकागदाचे थर लेई लावून एकमेकांवर चिकटवलेले. लेईत थोडा मोरचूद घालतात, कीड लागू नये म्हणून (तो विषारी, हात धुवा). विकतची वसली चालते, पण मागूनपुढून गुळगुळीत दगडाने घोटून घ्या. पावसाळ्यात कोकण-मुंबईकडच्यांनी विशेष सांभाळायचं. हवा दमट असली की कागद फुगतो, लेईला बुरशी धरते आणि डिंकातला रंग दिवसभर चिकट राहतो. स्पर्धा दिवाळीच्या आसपास असेल तर वसली उन्हाळ्यातच करून ठेवा.

ब्रशच्या बाबतीत एक गोष्ट ठणकावून सांगते. मुंगसाच्या केसांचे ब्रश कुणी 'खास माल' म्हणून दाखवले तर हात लावू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली तो गुन्हा आहे. जुने चितारी खारीच्या शेपटीचे केस वापरायचे, तेही आता सोडून द्या. चांगला सिंथेटिक ब्रश, शून्य किंवा दोन शून्यांचा, पुरतो. बारीक रेषा केसांच्या संख्येवर नाही, टोकावर अवलंबून असते. टोक तोंडात घालून करायची जुनी सवय कुणी शिकवली तर शिकू नका. हरताळ या जुन्या पिवळ्या रंगात आर्सेनिक असतं, हिंगुळ या लाल रंगात पारा. मी स्वतः हे दोन्ही वापरत नाही. गेरू, काजळ, नीळ, आणि बाकी चांगल्या कंपनीचा गॉश, म्हणजे ट्यूबमधला अपारदर्शक जलरंग. परीक्षकांना रंग दगडाचा की ट्यूबमधला यापेक्षा तो सपाट बसलाय की नाही याच्याशी जास्त घेणंदेणं असतं. अर्थात नियमांत नैसर्गिक रंगांची अट असेल तर ती पाळावीच लागेल.

रंग सपाट बसवायचा तर पातळ थर द्या, एकावर एक. पहिला पूर्ण वाळू द्या. मग चित्र पालथं घालून गुळगुळीत संगमरवरावर किंवा काचेवर ठेवा आणि मागून अकीकाच्या दगडाने घोटा. सरळ करून उजेडात तिरकं धरलंत की रंगाला मंद झळाळी आलेली दिसेल. डिंक जास्त झाला असेल तर तडे जातात, कमी पडला तर बोटाला रंग लागतो. दोन्ही गोष्टी वसलीच्या कातरलेल्या पट्टीवर आधी तपासा.

रंग भरून झाले की घरचे म्हणतात, झालं की चित्र! निम्मंही झालेलं नसतं. खरा वेळ पुढे जातो : शेवटची रेखणी, जिला राजस्थानात खुलाई म्हणतात, आणि पर्दाज, म्हणजे बारीक ठिपक्यांनी दिलेली छाया. मिळालेल्या वेळातला निम्मा वेळ यासाठी राखून ठेवा.

मोत्यांवर तर वेगळा दिवस द्यावा. मोती रंगवायचे नसतात, ठेवायचे असतात. पांढरा रंग सायीसारखा दाट करा, ब्रश उभा धरा, टेकवा आणि सरळ वर उचला. तिरका उचलला तर थेंबाला शेपूट येतं. ते ओलं असताना दुरुस्त करायला जाऊ नका. वाळू द्या, मग पात्याच्या टोकाने खरवडून पुन्हा ठेवा. गळ्यातली माळ मधल्या मोत्यापासून सुरू करून दोन्हीकडे खांद्यांपर्यंत न्या, म्हणजे अंतर चुकत नाही. आणि हे काम सकाळी, जेवणाआधी. दुपारी हात जड होतो.

सोनं लावणार असाल तर ते मोत्यांच्या आधी, कारण त्यालाही घोटावं लागतं, आणि उंच थेंबांवर दगड फिरला की सगळं भुईसपाट.

पहिली फेरी बहुधा फोटोवर असते. फ्लॅश अजिबात नको, सोनं काळं नाहीतर पांढरंफटक दिसतं. सकाळी सावलीतल्या उजेडात, कॅमेरा चित्राला समांतर धरून फोटो घ्या. एक पूर्ण चित्राचा आणि मागितला असेल तर एक जवळून, चेहऱ्याचा. रंग ॲपमध्ये खुलवू नका. दुसऱ्या फेरीत मूळ चित्र समोर येतं आणि फरक लगेच कळतो.

फ्रेमवाल्याकडे चित्र ठेवून घरी येऊ नका, समोर उभं राहून करून घ्या. काच आणि चित्र यांच्यामध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच. नाहीतर दमट हवेत रंग काचेला चिकटतो आणि फ्रेम उघडताना मोती काचेवर राहतात. मागे फेविकॉल लावू देऊ नका, वरच्या दोन कोपऱ्यांना कागदी बिजागरी पुरे. कुरिअरने पाठवायचं असेल तर काचेऐवजी ॲक्रिलिक घाला आणि मागच्या बाजूला नाव, शीर्षक, माप पेन्सिलीने लिहा. पेनाची शाई वसलीतून पुढे फुटते.