काल्पनिक जगाचा नकाशा लीफलेटवर

लीफलेट म्हणजे वेबपानावर नकाशा दाखवणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी. तिच्यासाठी आधी नकाशा 8192 × 8192 पिक्सेलचा पीएनजी करून घ्या. एवढं चित्र अखंड टाकलं तर मोबाइलचा ब्राउझर अडखळतो. म्हणून जीडाल या नकाशा-फाइली हाताळणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरच्या टाइल्स-साधनाने ‘रास्टर’ (साधं चित्र) प्रोफाइल, झूम 0 ते 5 ठेवून 256 पिक्सेलचे तुकडे पाडा. झूम 5 ला 1024 तुकडे होतात. ओळी वरून मोजणारा ‘एक्सवायझेड’ पर्याय विसरू नका. एरवी जीडाल ओळी खालून मोजतं, लीफलेट वरून, आणि तुकड्यांच्या ओळी उलट्या क्रमाने लागतात.

लीफलेटमध्ये ‘सीआरएस.सिंपल’ ही साधी सपाट निर्देशांक-पद्धतच निवडा. न निवडल्यास तुमचं सपाट जग मर्केटर प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट दाखवायच्या पद्धतीत) कोंबलं जातं, अंतरं चुकतात.

खरा घोळ नकाशावर ठिकाणं दाखवणाऱ्या खुणांचा. चित्रात आधी एक्स, मग वाय. लीफलेटला आधी वाय लागतो. हाताने उलटवू नका, पिक्सेलचे आकडे लीफलेटच्या ‘अनप्रोजेक्ट’ या फंक्शनला झूम 5 सह द्या.