रेड कंट्रोलरवर लेखन मंदावले? या चुका टाळा

सर्व्हरवरचे वाचन नेहमीच्या वेगाने चालू असते, पण डेटाबेसमधील नोंदी आणि रात्रीचा बॅकअप एकाएकी रेंगाळू लागतात. असे दिसले की बहुतेक जण थेट डिस्क बदलण्याच्या तयारीला लागतात आणि तिथेच चुकतात. हार्डवेअर रेडचा, म्हणजे अनेक डिस्क जोडून एकच साठा म्हणून वापरण्याच्या रचनेचा, लेखनवेग फार मोठ्या प्रमाणात त्या डिस्क सांभाळणाऱ्या कंट्रोलर कार्डाच्या कॅशवर (त्यावरील तात्पुरत्या मेमरीवर) अवलंबून असतो, म्हणून तपासाची सुरुवात तिथूनच करावी.

राइट-बॅक पद्धतीत डेटा कॅशमध्ये पोहोचताच लेखन पूर्ण झाल्याचे ऑपरेटिंग सिस्टिमला कळवले जाते आणि डिस्कवरचे काम मागाहून होते. राइट-थ्रू पद्धतीत मात्र डिस्कची पोच येईपर्यंत थांबावे लागते. कॅशला आधार देणारी बॅटरी निकामी झाली, किंवा क्षमता तपासण्यासाठी ती रिकामी होऊन पुन्हा चार्ज होत असली, तर अनेक कंट्रोलर आपोआप राइट-थ्रूवर जातात. त्यामुळे पूर्वी निवडलेले सेटिंग पाहून निश्चिंत होऊ नये. मेगारेड कंट्रोलरच्या मेगासीएलआय या साधनात ‘डिफॉल्ट कॅश पॉलिसी’ आणि ‘करंट कॅश पॉलिसी’ अशा दोन वेगळ्या ओळी दिसतात. पहिलीत राइट-बॅक आणि दुसरीत राइट-थ्रू असेल, तर आधी बॅटरीची स्थिती पाहावी.

यापुढची चूक सर्वांत घातक आहे, ती म्हणजे बॅटरी खराब असतानाही राइट-बॅक सक्तीने चालू ठेवणे. वेग लगेच परत येतो हे खरे, पण वीज गेली की कॅशमधला डेटा जातो, आणि तो लिहिला गेल्याची ग्वाही कंट्रोलरने आधीच दिलेली असल्याने बदलांची आधी नोंद ठेवणारी जर्नलिंग फाइल सिस्टिमही त्यातून सावरेलच असे नाही. यूपीएस हा यावरचा पुरेसा उपाय नव्हे, कारण सर्व्हरचा पॉवर सप्लायही बिघडू शकतो. डिस्कच्या स्वतःच्या कॅशलाही कंट्रोलरच्या बॅटरीचे संरक्षण नसते, हेही ध्यानात असू द्यावे.

कॅश ठीक असेल, तर रेडची पातळी, म्हणजे डेटा डिस्कवर कसा वाटून ठेवला आहे ती पद्धत, पाहावी. रेड ५ मध्ये एका लहान लेखनासाठी जुना डेटा व जुनी पॅरिटी (डिस्क बिघडल्यास डेटा परत मिळवण्यासाठीची जादा माहिती) वाचणे आणि दोन्ही नव्याने लिहिणे अशा ४ क्रिया होतात, तर रेड ६ मध्ये दोन पॅरिटी असल्याने ६. मिनिटाला ७२०० फेऱ्यांची डिस्क सेकंदाला साधारण ८० विखुरलेल्या क्रिया करते असे धरले, तर ८ डिस्कच्या ६४० क्रियांतून रेड ५ वर जेमतेम १६० लेखने निघतात. पॅरिटीऐवजी डेटाच्या दोन प्रती ठेवणाऱ्या रेड १० वर ती ३२० होतात. हा बिघाड नसून रचनेचा परिणाम आहे, आणि सततच्या भारापुढे कॅशही तो फार काळ झाकू शकत नाही.

मोजमापातही गफलत होते. डीडी या कमांडने छोटी फाइल लिहून पाहिली, तर बहुधा सर्व्हरच्या मेमरीचाच वेग दिसतो. म्हणून ही मेमरी टाळणारा डायरेक्ट लेखनाचा पर्याय वापरावा आणि चाचणी कॅशच्या आकारापेक्षा बरीच मोठी ठेवावी. त्याच वेळी रिबिल्ड (बदललेल्या डिस्कवर डेटा पुन्हा उभारणे) किंवा कन्सिस्टन्सी चेक (डेटा व पॅरिटी जुळतात का याची तपासणी) चालू नाही ना, हेही पाहून घ्यावे. प्रत्येक डिस्कचे मीडिया एरर (डिस्कच्या पृष्ठभागावरील वाचन-लेखनाच्या चुका) स्वतंत्रपणे तपासावेत, कारण अजून ‘ऑनलाइन’ दिसणारी पण पुन्हा पुन्हा प्रयत्न करणारी एकच डिस्क संपूर्ण अ‍ॅरेला (डिस्कच्या समूहाला) आपल्या गतीने चालायला लावते, आणि अशा वेळी तीच एक डिस्क बदलणे योग्य ठरते.