हॅनफर्डचं स्ट्रॉन्शियम : बंद अणुभट्टीखालच्या भूजलाचं मॉडेल कसं सुरू करावं

अणुभट्टीखालच्या भूजलाचं संगणकावर मॉडेल करायचं म्हटलं की मुलं पहिल्यांदा सॉफ्टवेअर कुठलं ते विचारतात. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्याचं मॉडफ्लो ६ हे भूजलाचा प्रवाह मांडणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पायथन येत असेल तर ते चालवायला जोडीला फ्लोपाय घ्या. झालं, प्रश्न मिटला. खरी डोकेफोड पुढे आहे.

शिकवताना मी हॅनफर्ड या अमेरिकेतल्या जुन्या अणुकेंद्रातली १००-एन ही जागा घेते. वॉशिंग्टन राज्यात, कोलंबिया नदीच्या काठी. तिथली एन अणुभट्टी १९८७ साली बंद झाली. चालू असताना तिचं किरणोत्सारी सांडपाणी नदीजवळच्या चरांत सोडून जमिनीत जिरवत. एक चर १९६३ ते १९८५ वापरात होता, दुसरा १९८३ ते १९९१. माती गाळून घेईल, हा हिशेब. मातीने त्यातलं स्ट्रॉन्शियम-९० हे किरणोत्सारी मूलद्रव्य धरून ठेवलंही. आता तीच थोडं थोडं सोडतेय.

म्हणून आधी सांडपाण्याचा इतिहास मांडा. इतकं पाणी जिरवलं की चराखाली भूजलाचा उंचवटा तयार झाला, उतार वाढला आणि नदीकडचा प्रवाह आजच्यापेक्षा कितीतरी वेगवान झाला. पाणी वरच्या थरांपर्यंत चढलं, स्ट्रॉन्शियम तिथे चिकटलं. मग सांडपाणी थांबलं, पातळी उतरली आणि स्ट्रॉन्शियम वर कोरड्यात अडकून राहिलं. नदी फुगली की ते पुन्हा भिजतं. आजची पाणीपातळी घेऊन एकच स्थिर अवस्था, म्हणजे काळाबरोबर न बदलणारा प्रवाह, चालवलीत, तर यातलं काहीही दिसणार नाही. किमान दोन कालखंड हवेतच: उंचवट्याचा आणि त्यानंतरचा.

आता कागद घ्या. स्ट्रॉन्शियमचा के-डी, म्हणजे मातीला चिकटण्याचं प्रमाण, तिथल्या गाळासाठी १५ मिलिलिटर प्रति ग्रॅमच्या आसपास धरा. मातीची घनता १.८ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, सच्छिद्रता ०.२५. घनता गुणिले के-डी, भागिले सच्छिद्रता, अधिक एक: उत्तर १०९. म्हणजे स्ट्रॉन्शियम पाण्यापेक्षा १०९ पट हळू सरकतं. पाणी दिवसाला ३० सेंटिमीटर सरकत असेल, तर स्ट्रॉन्शियम जेमतेम पावणेतीन मिलिमीटर, म्हणजे वर्षाला साधारण एक मीटर. ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, मात्र पाण्याबरोबरच चालतं. हे उत्तर मॉनिटरच्या कडेला चिकटवून ठेवा. मॉडेल याच्या फार लांब गेलं, तर गडबड मॉडेलमध्ये आहे.

गडबड बहुधा एककांत निघते. मीटर आणि किलोत काम करत असाल तर घनता १,८०० आणि के-डी ०.०१५. तिथे नुसतं १५ टाकलंत, तर स्ट्रॉन्शियम जागचं हलणार नाही. शून्यं जास्त पडून ०.००००१५ झालं, तर ते पाण्याच्या बरोबरीने पळेल. दोन्ही वेळा प्रोग्रॅम निमूट चालतो आणि सुंदर रंगीत नकाशा काढून देतो.

किरणोत्सारी क्षयाचंही तसंच. अर्धायुष्य २८.८ वर्षं, म्हणजे दर ०.००००६५९ प्रतिदिन. तो विरघळलेल्या स्ट्रॉन्शियमला लावा आणि कणांना चिकटलेल्यालाही लावा. चिकटलेला अणू क्षय पावायचा थांबत नाही, आणि इथे जवळजवळ सगळा साठा चिकटलेलाच आहे.

दख्खनच्या बेसॉल्टवर शिकलेल्या माझ्यासारखीला या जागेचं एक सुख आहे. बेसॉल्ट तिथेही आहे, पण खोल. वरचं पाणी रिंगोल्ड थराच्या वाळू-गोट्यांत, खाली चिकणमातीचा तळ. भेगांचा जाच नाही, त्यामुळे सलग माध्यमाचं समीकरण निर्धास्त वापरता येतं. सासवडच्या विहिरीबद्दल मी असं म्हणणार नाही.

जाच नदीचा आहे. वरच्या अंगाला प्रीस्ट रॅपिड्स धरण. वीजनिर्मितीच्या गरजेप्रमाणे पाणी सुटतं आणि नदीची पातळी दिवसभरातच वरखाली होते. नदीचं पाणी काठात शिरतं, पुन्हा बाहेर येतं. महिन्याची सरासरी भरलीत तर ही ये-जा पुसली जाते आणि नदीकडे संथ, एकमार्गी प्रवाह तेवढा उरतो. मोठ्या मॉडेलला महिन्याची सरासरी चालेल. काठालगतच्या शेवटच्या शंभरेक मीटरसाठी मात्र वेगळा उभा छेद घ्या, बारीक सेल (मॉडेलच्या जाळीतले चौकोन) ठेवा आणि नदीची पातळी तासातासाची द्या. सेल मोठे ठेवलेत तर आकडेमोडच प्रदूषण पसरवते, प्रत्यक्षात नसलेलं.

निरीक्षण विहिरींशी जुळवताना आधी पाणीपातळ्या जुळवा, मगच सांद्रता, म्हणजे पाण्यातलं स्ट्रॉन्शियमचं प्रमाण. उलट केलंत तर के-डी ओढूनताणून काहीही जुळवता येतं.

शेवटी एक कसोटी. १९९५ ते २००६ या काळात तिथे भूजल उपसून, स्ट्रॉन्शियम काढून घेऊन परत जिरवत होते. त्या उपशाने जेवढं निघालं, त्याच्या कितीतरी पट त्याच काळात आपोआप क्षय पावलं. म्हणून तो उपाय सोडून नदीकाठी जमिनीतच अ‍ॅपेटाइट खनिजाचा अडसर तयार करायला घेतला. त्याच्या स्फटिकात कॅल्शियमच्या जागी स्ट्रॉन्शियम बसतं. तुमच्या मॉडेलमध्ये उपशाच्या विहिरी घाला आणि अकरा वर्षं चालवा. पिण्याच्या पाण्यातल्या स्ट्रॉन्शियम-९०ची मर्यादा लिटरला ८ पिकोक्युरी (किरणोत्साराचं एकक) आहे. मॉडेल तेवढ्यात त्याखाली उतरलं, तर आनंद करू नका, इनपुट फाइल उघडा.