निशिगंधाला पुन्हा पुन्हा दांडे यावेत म्हणून

निशिगंधाबद्दलची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: पहिल्या वर्षी भरभरून फुलला, दुसऱ्या वर्षी दांडे कमी झाले आणि आता नुसती पात माजली आहे. खत वाढवून हे सुटत नाही, कारण दुखणं कंदात आहे. निशिगंधाचा एक कंद आयुष्यात एकदाच दांडा देतो. पुढचा दांडा त्याच्या कडेला फुटलेल्या पिल्लांतून येतो. त्यामुळे फुलं सतत हवी असतील तर पिल्लं पोसायला हवीत आणि गर्दी झाली की ती वेगळी करायला हवीत.

लावायला कंद घेताना मधोमध दोन ते तीन सेंटिमीटर जाडीचा, टोकदार आणि हाताला जड लागणारा घ्या. बुडाशी अंगठ्याने दाबून बघा. मऊ लागला तर आत कूज आहे. काही कंदांच्या मध्यावर वाळलेल्या दांड्याचं खुंट दिसतं आणि भोवती बारीक पिल्लं चिकटलेली असतात. हा फुलून गेलेला कंद, याचे पैसे देऊ नका. सव्वा-दीड सेंटिमीटरचे छोटे कंद स्वस्तात मिळतात, पण पहिल्या वर्षी ते बहुधा फक्त पानंच देतात. जमिनीतून नुकतेच काढलेले कंदही लगेच लावू नका. सावलीत, हवेशीर जागी चार ते सहा आठवडे पसरून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवले तर त्यांना बुरशी लागते.

गजरा, वेणी किंवा देवाच्या हारासाठी एकेरी फुलाचीच जात घ्या. वास तिचाच दाट. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या शृंगार आणि प्रज्वल, तसंच राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची फुले रजनी या घरच्या बागेसाठी खात्रीच्या जाती. प्रज्वलच्या कळीला टोकाशी गुलाबी झाक असते, उमललेलं फूल मात्र पांढरं. सुवासिनी ही दुहेरी आणि वैभव ही अर्धदुहेरी जात फुलदाणीत शोभतात, पण पावसात त्यांच्या पाकळ्यांत पाणी साठून कळ्या अर्धवट उमलतात आणि तपकिरी पडतात. आपल्या पावसाळ्यात एकेरीच बरी.

कोल्हापुरात लागवड एप्रिलअखेरपासून मेच्या मध्यापर्यंत उरकावी. वळवाच्या सरी येईपर्यंत मुळं धरतात, दोन-तीन आठवड्यांत कोंब वर येतो आणि साधारण तीन-साडेतीन महिन्यांत दांडे सुरू होतात. म्हणजे गणपतीपासून नवरात्रापर्यंतचा हंगाम नेमका साधतो. जून-जुलैच्या संततधारेत लावलेला कंद मुळं फुटण्याआधीच कुजतो.

जागेला दिवसाचं किमान सहा तास ऊन हवं. आंब्याच्या किंवा कंपाउंडच्या सावलीत पानं हिरवीगार दिसतील, दांडा मात्र येणार नाही. पंचगंगेच्या काठची काळी माती कसदार असली तरी पाणी धरून ठेवते, म्हणून सपाट वाफ्यात कंद लावायचेच नाहीत. मीटरभर रुंद आणि 20 ते 25 सेंटिमीटर उंच गादीवाफा करा. दोन घमेली मातीला एक घमेलं कुजलेलं शेणखत आणि एक घमेलं जाडी वाळू हे प्रमाण ठेवा. पन्हाळ्याकडच्या तांबड्या मातीत निचरा आपोआप होतो. तिथे वाळू वगळून शेणखत वाढवा. शेणखत पूर्ण कुजलेलंच हवं. कच्च्या शेणातून हुमणी, म्हणजे मुळं कुरतडणारी अळी येते, आणि ऊसपट्ट्यात ती काय करते हे वेगळं सांगायला नको.

एका चौरस मीटरला पाच किलो शेणखत, 200 ग्रॅम निंबोळी पेंड, 90 ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि 30 ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश मातीत मिसळा. लिटरभर पाण्यात 10 ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) ढवळून त्यात कंद अर्धा तास बुडवा आणि 25 सेंटिमीटर अंतरावर लावा. मीटरभराच्या चौकोनात 16 कंद बसतात. टोकावर चार-पाच सेंटिमीटर माती यावी. याहून खोल गेल्यास कोंब उशिरा येतो. कुंडी असेल तर 14 इंची घ्या, तीत चारच कंद लावा.

युरिया एकदम टाकू नका. लागवडीनंतर 30, 60 आणि 90 दिवसांनी, चौरस मीटरला प्रत्येक वेळी 15 ग्रॅम, वाफसा असताना, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना. युरियातलं नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की पात लुसलुशीत होते, दांडा लांबतो आणि पहिल्याच जोरदार सरीत आडवा होतो.

पावसाळ्यातला खरा शत्रू म्हणजे खोडकूज. पानांचा गड्डा जमिनीलगत सैल होतो, हलकं ओढलं तरी पान सुटून हातात येतं, आणि बुडाशी पांढऱ्या धाग्यांत मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसतात. असं झाड भोवतालच्या ओंजळभर मातीसकट काढून बागेबाहेर टाका, कंपोस्टच्या खड्ड्यात नको. ते दाणे मातीत कैक महिने टिकतात. उरलेल्या वाफ्यात ट्रायकोडर्माचं पाणी ओता आणि पाणी वाहून जाण्यासाठी वाफ्यांमधले चर मोकळे करा. उसाचं पाचट आच्छादनाला उत्तम, पण ऑक्टोबरनंतर. पावसात ओलं पाचट बुंध्याला टेकलं की ही बुरशी तिथूनच वाढते. उन्हाळ्यात कळ्या वाकड्या होऊन त्यांवर चंदेरी चट्टे आले तर ते फुलकिडे. लिटरला 5 मिली कडुनिंबाचं तेल, ते पाण्यात मिसळावं म्हणून थोडा साबण, आणि फवारणी संध्याकाळी.

आता पुन्हा फुलण्याची गोष्ट. गजऱ्यासाठी टपोऱ्या झालेल्या कळ्या पहाटे खुडा. फुलदाणीसाठी खालची दोन-तीन फुलं उमलली की दांडा कापा. दांडा संपला की बुडापासून काढा, पण पानांना हात लावू नका. त्याच पानांच्या जोरावर पिल्लं पोसतात. मग बुंध्याला दोन बोटं मातीची भर द्या आणि वाफसा आला की पाणी. डिसेंबर-जानेवारीत थंडीमुळे झाड मंदावतं. तेव्हा खत बंद, पाणी आठ-दहा दिवसांनी पुरे. फेब्रुवारीअखेर वाळलेली पानं काढून माती हलकी खुरपा, लागवडीच्या वेळचीच सगळी खतं पुन्हा द्या आणि पाणी वाढवा. युरियाचे तीन हप्तेही नव्याने सुरू करा.

असं दोन, फार तर तीन वर्षं चालतं. नंतर एका जागी इतकी पिल्लं दाटतात की एकही पुरेसं जाड होत नाही. आपण सुरुवातीला म्हटलेली माजलेली पात ती हीच. मार्चमध्ये तीन-चार आठवडे पाणी तोडा, पानं पिवळी पडली की गड्डे टिकावाने लांबून उकरा. माती झाडून कंद सुटे करा. दोन सेंटिमीटरच्या वरचे पुढच्या लागवडीला ठेवा, एक ते दोन सेंटिमीटरचे वर्षभर वेगळ्या वाफ्यात वाढवा, खुंटवाले आणि मऊ पडलेले फेकून द्या. नवी लागवड त्याच वाफ्यात करू नका, निदान एक हंगाम तिथे झेंडू लावा. त्याने मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी कमी होतात.