जेंडरवर रिसर्च सुरू करताय? आधी शब्द बदलून बघा

एमएच्या डेझर्टेशनला मी रखमाबाईंची केस घेतली होती. नवऱ्याकडे नांदायला जायचं नाही म्हणाल्या म्हणून १८८४ साली नवऱ्याने मुंबई हायकोर्टात दावा लावला, तीच. दोन दिवस जेस्टोरवर, म्हणजे जर्नल्समधल्या लेखांच्या ऑनलाइन डेटाबेसवर, बसले पण हाताला फारसं काहीच लागेना. मग लायब्ररीतल्या मॅडमनी नुसतं स्पेलिंग बघितलं आणि दुसऱ्या अक्षराला ए होता तिथे यू टाकला, कारण त्या काळच्या इंग्रजी कागदपत्रांत नाव तसंच यायचं, आणि धडाधड लेख यायला लागले.

म्हणून नवीन असाल तर हे पहिलं लक्षात ठेवा, डेटाबेसला विषय कळत नाही, अक्षरं कळतात. मराठी नावाची तीन-चार स्पेलिंगं वहीत लिहूनच बसा. जेस्टोरवर एका अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह टाकलं तर तिथे कुठलंही अक्षर चालतं, म्हणजे वुमन आणि विमेन एकाच सर्चमध्ये येतात.

दुसरं म्हणजे काळ. ‘जेंडर’ हा शब्द आपल्याकडच्या लिखाणात रुळला तो साधारण ऐंशीच्या दशकानंतर, त्यामुळे सत्तरच्या दशकातलं काही हवं असेल तर ‘स्टेटस ऑफ विमेन’ टाकावं लागतं, १९७४ चा सरकारी समितीचा रिपोर्ट याच नावाखाली सापडतो. रखमाबाईंसाठी तर ‘रेस्टिट्यूशन ऑफ कॉन्जुगल राइट्स’ (जोडीदाराने नांदायला यावं म्हणून मागायचा हक्क) आणि ‘एज ऑफ कन्सेंट’ (संमतिवय) या कायद्याच्या शब्दांनी जेवढं मिळालं तेवढं ‘जेंडर’ने कधीच मिळालं नाही.

जर्नल्समध्ये सुरुवात ईपीडब्ल्यूपासून, म्हणजे ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’पासून करा. १९८५ पासून त्यात ‘रिव्ह्यू ऑफ विमेन्स स्टडीज’ हा वेगळा विभाग येतो, वर्षातून दोनदा, ते अंक एकामागून एक नुसते चाळले तरी कोण कोणाशी वाद घालतंय ते समजायला लागतं. मग इंडियन जर्नल ऑफ जेंडर स्टडीज, १९९४ पासूनचं. लॉगिन कॉलेजचंच लागेल, आणि घरून चालतं का ते लायब्ररीत विचारून घ्या, पैसे भरून एकेक लेख विकत घेऊ नका प्लीज. बऱ्याच जर्नल्सचे अगदी ताजे अंक जेस्टोरवर नसतात, ते प्रकाशकाच्या साइटवर बघायचे.

शोधगंगा ही भारतीय विद्यापीठांतल्या पीएचडी प्रबंधांची साइट फुकट आहे, त्यावर मराठीतले प्रबंधही आहेत. मी आधी प्रबंधाच्या शेवटची संदर्भसूची उघडते, निम्मं काम तिथेच होतं.

पण खरं सांगू का, मराठी बायकांनी स्वतः जे लिहिलंय त्यातलं कितीतरी या डेटाबेसमध्ये नाहीचे. १९३० ला सुरू झालेलं ‘स्त्री’ मासिक घ्या, त्यातली वाचकांची पत्रं वाचायची तर जुन्या ग्रंथालयात जाऊन बांधीव अंकच काढावे लागतात. जायच्या आधी फोन करा, काही ठिकाणी आदल्या दिवशी चिठ्ठी दिली तरच अंक काढून ठेवतात, आणि फोटो काढू देतात का तेही तेव्हाच विचारा.