नळाचं पाणी, ऊन आणि उपास: मराठवाड्यात या चुका टाळा

चाला, लवकर झोपा, तळलेलं कमी खा, हे सगळ्यांना पाठ आहे. आपल्याकडे माणूस आडवा होतो तो बऱ्याचदा पाण्यापायी, म्हणून आधी तेच.

नळ आठ-दहा दिवसांनी येणार म्हटल्यावर ड्रम, हौद, रांजण भरून ठेवणं आलंच. त्याला इलाज नाही. चूक पुढे होते. पाणी तळाला गेलं की त्यावरच नवं ओतायचं, आतून हात म्हणून फिरवायचा नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून डास व्हायला साधारण तेवढेच दिवस लागतात, म्हणजे आपल्या नळाची पाळी त्याच्या अगदी सोयीची. नुसतं पाणी ओतून दिल्यानंही भागत नाही. अंडी भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही काही महिने टिकतात. आठवड्यातून एकदा ड्रम आतून खसाखसा घासायचा, मगच भरायचा. उरलेलं पाणी फेकून द्यायला कुणाला परवडतं? ते गाळून धुण्याला वापरा. ड्रमवर फळी टाकली की फट राहते; सुती कापड तोंडाला घट्ट बांधा.

पिण्यासाठी हल्ली घरोघरी २० लिटरचे जार येतात. पाणी गार असतं, पण गार म्हणजे शुद्ध नव्हे. सीलबंद पाण्यावर बऱ्याचदा आयएसआयची खूण आणि बाटलीबंद पाण्याच्या भारतीय मानकाचा आयएस १४५४३ हा क्रमांक असतो. सुट्या जारवर तो दिसला नाही तर पाणी खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट तसंच राहू द्या.

आता ऊन. खिशात कांदा ठेवल्यानं ऊन लागायचं थांबत नाही, एवढं बोलून तो विषय सोडतो. शेतात किंवा बांधकामावर दिवसभर घाम गाळणाऱ्यानं तहान लागायची वाट पाहू नये. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतंय असं धरून चालावं. जुलाब-उलट्या झाल्या की ओआरएसचं पाकीट आणलं जातं, आणि अर्धं पाकीट पेलाभर पाण्यात ढवळून पाजलं जातं. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असतं. घट्ट केलं तर फायद्याऐवजी त्रास होतो. कालवलेलं २४ तासांत संपवा, उरलं तर टाका. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. दुकानातला गोड टेट्रापॅक त्याच्या जागी चालत नाही.

अंग तापलंय आणि माणूस असंबद्ध बोलतोय, तर पाणी पाजायची घाई करू नका. सावलीत न्या, मान, काखा, जांघेत ओली फडकी ठेवा आणि १०८ ला फोन करा.

उन्हाळा म्हणून ताकात वरून मीठ घालणाऱ्यांसाठी एक हिशोब: जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक चमचा. ठेचा, लोणचं आणि पापड यांतच ते कधी संपतं कळत नाही. बीपीवाल्यांनी तर वरचं मीठ बंदच करावं.

ज्वारी मात्र सोडू नका. परभणी कृषी विद्यापीठाच्या 'परभणी शक्ती' या वाणात लोह आणि जस्त जास्त आहे. पण जेवण झाल्या झाल्या चहा घेतला की भाकरीतलं लोह अंगी कमी लागतं. तासभर थांबा, जेवणात लिंबू पिळा. आणि शुगर आहे म्हणून ज्वारीच्या चार भाकरी खाल्ल्या तर शुगर वाढणारच.

बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद करणारे काका प्रत्येक गल्लीत भेटतात. काका, ते गोळीमुळेच नॉर्मल आलंय. एकादशीला उलटं होतं: पोटात काही नाही आणि शुगरची गोळी मात्र रोजच्यासारखी. काही गोळ्यांनी अशा वेळी साखर एकदम उतरते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात. उपासाच्या आधीच डॉक्टरांना विचारा. तसं झालंच तर लगेच साखर किंवा गूळ खा, उपास मोडला तरी चालेल.

उपासाची भगरही जरा जपून. सुटं, जुनं पीठ आणलं की त्यात बुरशी असू शकते, आणि नवरात्रात, महाशिवरात्रीला विषबाधेच्या बातम्या येतात त्या बहुतेक यावरूनच. आख्खी भगर आणा, निवडा, धुऊन वाळवा आणि लागेल तेवढीच दळा. उरलेलं पीठ पुढच्या उपासासाठी डब्यात ठेवू नका.