कामगार खात्याची नोटीस आली? दंड भरण्याआधी या चुका टाळा

निरीक्षक येऊन गेला, शेरे लिहिले, पाठोपाठ नोटीस आली की बहुतेक मालकांचा पहिला प्रश्न असतो, "किती भरायचे?" घोळ इथूनच सुरू होतो. दंड सरकारजमा होतो. कामगाराचा थकलेला पगार किंवा ओव्हरटाइमचा फरक त्यातून भागत नाही. तो फरक दिला नाही, तर हातात दंडाची पावती असूनही प्रकरण उघडंच राहतं.

नोटीस कुणाची, हेच न पाहणं

लिफाफा काउंटरवरच्या पोराच्या हाती पडतो, ड्रॉवरमध्ये जातो आणि मुदत संपायच्या आदल्या दिवशी सल्लागाराला फोन जातो. लिफाफ्यावर मिळाल्याची तारीख लिहा आणि आतल्या कागदात कायदा, कलम आणि कालावधी शोधा.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. किमान वेतन, वेतन प्रदान, बोनस आणि समान वेतन हे चार जुने कायदे वेतन संहिता, २०१९ मध्ये सामावले गेले. पण नोटीस त्याआधीच्या महिन्यांबद्दल असेल तर तिच्यात जुन्या कायद्याचं नाव दिसू शकतं. अशा वेळी "तो कायदा तर रद्द झाला" असं उत्तर पाठवू नका. त्या काळातली देणी कायद्याबरोबर रद्द होत नाहीत. दुकानं आणि ऑफिसांसाठी राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना अधिनियम वेगळा आहेच.

कार्यालयही बघून घ्या. मुंबईत गुमास्त्याचं (दुकान-ऑफिसच्या नोंदणीचं) काम महापालिकेचं दुकाने व आस्थापना खातं पाहतं. पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा) ही केंद्राची वेगळी कार्यालयं आहेत, त्यांचं व्याज आणि नुकसानभरपाई वेगळी. एका खिडकीवर भरलेला दंड दुसऱ्या खिडकीवर चालत नाही. कामगाराच्या पगारातून कापलेला पीएफ भरलाच नसेल तर तो विश्वासघाताचा गुन्हा ठरतो. तिथे आधी भरणा करा, स्पष्टीकरण नंतर.

रातोरात मस्टर तयार करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. नोटीस आली की नवीन हजेरीपत्रक आणून एका रात्रीत वर्षभराच्या नोंदी केल्या जातात. एकच पेन, एकच अक्षर, सगळ्यांची हजेरी सकाळी नऊला, आणि दिवाळीच्या दिवशीसुद्धा सही. हे ओळखायला निरीक्षकाला पाच मिनिटं पुरतात. मस्टरमध्ये पगार एक आणि बँकेच्या उताऱ्यात दुसरा असला तर बोलायलाच नको. वेतन संहितेत नोंदवह्या न ठेवल्याचा दंड १० हजारांपर्यंत आहे. ते वाचवण्यासाठी बनावट कागद तयार करणारा माणूस साधी उणीव फौजदारीपर्यंत ओढून नेतो. वही नसेल तर "नोंदवही ठेवलेली नव्हती, अमुक तारखेपासून सुरू केली आहे" असं सरळ लिहून द्या. अशा उणिवांसाठी खटल्याआधी सुधारणेची लेखी मुदत देण्याची तरतूद संहितेतच आहे. मात्र पाच वर्षांत तीच चूक पुन्हा सापडली तर ही सवलत मिळत नाही.

फरक अंदाजाने काढणं

"महिन्याला हजार-हजार देऊन टाकू" हा हिशोब टिकत नाही. महाराष्ट्रात किमान वेतनाचा मूळ दर तोच राहिला तरी महागाईनुसार ठरणारा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, बदलतो. कमी पगाराच्या कित्येक प्रकरणांचं मूळ इथेच असतं. मालकाची नियत वाईट नसते, जुलैचा दर पाहायचा राहून गेलेला असतो. म्हणून तक्ता सहामाहीवार करा. त्यात परिमंडळ (किमान वेतनासाठी ठरवलेला भाग), कुशल की अकुशल, हजेरीचे दिवस आणि ओव्हरटाइमचे तास दुप्पट दराने, असं सगळं मांडा.

पैसे बँकेतूनच द्या. कोऱ्या व्हाउचरवर अंगठा घेऊन रोख दिलेले पैसे दिले होते, हे सिद्ध करण्याचा भार तुमच्यावरच येतो. कामगार दाव्यात गेला तर फरकाखेरीज फरकाच्या दहापटीपर्यंत भरपाई लावण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. तीन वर्षं मागचा दावाही दाखल होतो.

"माणसं ठेकेदाराची आहेत, त्यालाच विचारा" हेही सांगू नका. ठेकेदाराने पगार बुडवला तर जबाबदारी ज्याच्या जागेत काम झालं त्याच्यावर येते. ठेकेदाराच्या बिलातून ती रक्कम कापून घेणं हा तुमचा आपसातला मामला.

तक्रार करणाऱ्याला काढून टाकणं

तक्रार कुणी केली याचा शोध घेण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात निम्मी पूर्तता झाली असती. त्याला काढलंत की वेतनाच्या प्रकरणाला कामावरून काढल्याचा नवा वाद चिकटतो. शिवाय काढलेल्या किंवा राजीनामा दिलेल्या माणसाचा हिशोब दोन कामाच्या दिवसांत चुकता करावा लागतो. तो राहिला की आणखी एक उल्लंघन.

दंड कुणाच्याही हातात देणं

दंड चलनाने भरायचा असतो. "साहेबांशी बोलून घेतो" म्हणणाऱ्या मध्यस्थाला दिलेल्या रोख रकमेची पावती नसते आणि वर्षभराने तीच नोटीस नव्या अधिकाऱ्याच्या सहीने येते. २०१८ पासून लाच देणाराही शिक्षेला पात्र आहे. कुणी मागितलीच तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे.

तडजोडीचा मार्ग मात्र कायदेशीर आहे आणि तोच अनेकांना ठाऊक नसतो. ज्या गुन्ह्याला फक्त दंड आहे, तिथे कमाल दंडाच्या निम्मी रक्कम भरून प्रकरण मिटवता येतं. कमी वेतन दिल्याचा पहिला गुन्हा असेल तर कमाल दंड ५० हजार, म्हणजे तडजोडीत २५ हजार. ती आपोआप होत नाही, अर्ज करावा लागतो. आदेशातली रक्कम वेळेत भरली नाही तर कमाल दंडाच्या आणखी २० टक्के चढतात. तसाच गुन्हा पाच वर्षांत पुन्हा झाला की तडजोड बंद. मग तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून ही सोय वापरण्याआधी जुलैचा आणि जानेवारीचा दर पाहायची जबाबदारी कुणाची, हे ऑफिसात ठरवून टाका.

सगळं करूनही प्रकरण अडकलं तर

नोटिशीतल्या त्रुटी दूर केल्याचं लेखी कळवणं म्हणजे पूर्तता अहवाल. "पूर्तता अहवाल मिळाला नाही" असं उत्तर येतं, कारण कागद टेबलावर ठेवून माणूस परत आलेला असतो. अहवाल आवक विभागात द्या, आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. ईमेल केला असेल तरीही.

नोटीस जुन्या मालकाच्या नावाने आली असेल तर परत पाठवू नका. व्यवसाय कधी घेतला याचे कागद जोडून लेखी कळवा आणि नोंदणीतला बदल त्याच आठवड्यात करून घ्या.

फरक द्यायचा आहे पण कामगार गावी निघून गेला, फोन लागत नाही, असं नेहमी होतं. खातं माहीत असेल तर रक्कम तिथे वर्ग करा. ठावठिकाणाच नसेल तर कायद्याने ठरवलेल्या प्राधिकाऱ्याकडे ती जमा करावी लागते. स्वतःकडे ठेवून "आला की देऊ" म्हटलं, तर ती थकबाकीच धरली जाते.

आणि तडजोडीचे पैसे भरल्यानंतरही कोर्टाचं समन्स आलं, तर ते चुकून आलं असेल म्हणून घरी बसू नका. खटला आधीच दाखल झालेला असेल तर तडजोड झाल्याचं अधिकाऱ्याने कोर्टाला लेखी कळवावं लागतं, त्यानंतरच तुमची सुटका होते. चलनाची आणि तडजोड आदेशाची प्रत घेऊन आधी त्या अधिकाऱ्याला भेटा, ते पत्र गेलं का विचारा आणि तारखेला कोर्टात हजर राहा.